वरचं एकोडीचं, खालचं पवनीचं

॥ श्री ॥

एकोडी
५ जानेवारी २०२५

सौ. विहीणबाई सीताबाई यांस,
मंदाबाईचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून धसकू नका, इकडे सारे खुशाल हायेत. फोन असताना पत्र काहून लिवलं म्हणाल, तर आमच्या घरी फोनवर बोलणं म्हणजे चावडीवर बोलणं हाये. आमच्या यायले ऐकू येत नाई म्हणून फोन सदा मोठ्या आवाजात. मी समोर उभी राहून चहा घ्या म्हंतलं तर ऐकू येत नाई, पण फोनवर पवनी म्हंतलं का यायले आंगणातून ऐकू येते. म्हणून पत्र. यायले सांगतलं का विहीणबाईले उडदाच्या पापडाचं प्रमाण विचारून राहिली. तर प्रमाण खरंच लिवून पाठवा, नाई तर मी खोटी पडीन.

मी दुसरी शिकली. तिसरीत जाणार होती, तर आमची म्हैस व्याली अन् वगारीजवळ बसाले घरी कोणी नव्हतं. ते सा. न. वि. वि. मले आपल्या नातीनं, राखीनं शिकवलं. अर्थ पुरा येत नाई, पण कागद भरल्यासारखा दिसते.

आता मुद्द्याचं. आपल्या राखीनं दिवाळीले दोन्ही घरी पितळेचे पत्रे ठेवले, ते तुमच्याकडेही असतीलच. ते एका लहान्या इंजिनाचं सामान हाये, वीतभराहूनही कमी. डबे इकडून तिकडे ढकलाचं शंटिंगचं इंजिन, जसं फॅक्टरीच्या साइडिंगवर आमचे चालवत अन् तुमचे त्याले झेंडी दाखवत. वरचं घर, म्हणजे केबिन अन् बोनट, आमच्या पत्र्यात. खालचा पाट, चाकं अन् मोटर तुमच्या डब्यात. पोट्टी मोठी चलाख. एकट्याच्यानं होऊच नये असं तिनं वाटून देल्लं.

वीस फेब्रुवारीले आमच्या आंगणात तिचा साखरपुडा. त्या दिवशी अंगठ्या या इंजिनावर बसून मुलीकडून मुलाकडे जातील, अन् दोन्ही आजोबायनं जवळ बसून ते चालवाचं, असं तिचं म्हणणं. तिच्या भावाच्या, आपल्या भूपेंद्राच्या लग्नासारखा फोटो तिले नको म्हणे. त्याच्यात मधात मांडवाचा खांब, खांबाच्या इकडे एक आजोबा अन् तिकडे एक, दोघायचीही तोंडं बाहेर.

खरं सांगू का, माह्या जिवालेही हेच लागून राहिलं हाये. आमच्या अमरच्या अन् तुमच्या रिताच्या लग्नात, ऐन पंगतीत, तुमचे बोलून गेले का झेंडी हालली तवाच इंजिन हालत होतं, डायवर तर नुसता बसून राहे. यायनं बुंदीचा लाडू पत्रावळीवर तसाच ठेवला अन् उठले. तवापासून दोघं एकमेकाशी बोलले नाईत. राखी जन्मली, मोठी झाली, पुण्याले नोकरीले गेली, अन् हे अजून लाडवावरच. दोघं एका पंगतीत बसून भात जेवताना मले पाहाचे हायेत. अजून माहं काई मागणं नाई. एक गुडघ्याचं हाये, पण ते मी देवाले सांगून ठेवलं.

पहिले तर यायनं पत्र्याकडे ढुंकून पाह्यलं नाई. पोरखेळ म्हणे. मंग एक दिवस हळूच विचारलं का तिकडे त्यायनं चालू केलं का. मी म्हंतलं, मले काय माईत. यायनं चष्मा पुसला. आता सकाळचा चहा तिथंच, दुपारची झोप बंद. इंजिनाचे भाग पत्र्याले बारीक बारीक ठिकाणी अडकून रायतात, ते यायनं माह्या नेलकटरनं तोडले. जिथं घडी घालाची तिथं पत्र्यात पुसट रेघ कोरली हाये. ती रेघ घडीच्या आत गेली पाह्यजे असं राखी सांगून गेली होती. मी म्हंतलं, करंजीची मुरड बाहेरून दिसते म्हणून तर करंजी शोभते. यायले माहं पटलं. तर केबिन उलटी झाली जी! बाहेरचे खिळे आत, डायवराच्या पाठीले टोचतील असे. पुन्हा सरळ करता करता एक कोपरा तुटला, तो डाग देऊन सांधला. डाग द्याची गरम सळई यायनं माह्या पोळपाटावर ठेवली, त्याची खूण पोळपाटाले हाये अन् आता रोज पोळीलेही येते.

इंजिनाचा भोंगा ज्वारीच्या दाण्याएवढा होता. तो मी चिंचेनं घासून आंगणात वाळू घातला अन् आमच्या लाल कोंबडीनं गिळला. हे कालपासून तिच्या मागं फिरून राहिले.

तब्येतीले जपा. माया हाये तशीच राहू द्या, वाढली तर अजून बरं.

तुमची विहीण
मंदाबाई

पवनी
१४ जानेवारी २०२५

सौ. मंदाबाई यांस,
सीताबाईचा नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. पापडाचं प्रमाण वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवलं आहे. पण दर वर्षी तुमचे पापड जाडे होतात ते प्रमाणामुळे नाही. तुम्ही बोलत बोलत लाटता, त्यामुळे होतात.

आमच्या घरी पोरखेळ वगैरे कोणी म्हटलं नाही. हे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीच बसले. पण एकोडीला सुरू झाल्याशिवाय आपलं सुरू झालं हे कोणाला कळू द्यायचं नाही, अशी मला ताकीद होती. मी ती पाळली. आता तुमच्याकडे सुरू झालं, म्हणून सांगते.

चाकं बसली, मोटर फिरून राहिली. पहिल्यांदा चालवून पाहिलं ते देवघरापुढच्या फरशीवर, कारण सपाट जागा तेवढीच. ते खालचं धूड सुटलं ते थेट बाळकृष्णाला जाऊन लागलं. देव आडवे झाले. यांनी हात जोडले, आणि देवाला समजावून सांगितलं की यात ब्रेक दिलेला नाही. कामिनी सूनबाई हसून हसून ओट्याला टेकली. मी हसले नाही, आत जाऊन हसले.

तुमच्या मनात आहे तेच माझ्याही मनात आहे. भूपेंद्राच्या लग्नातला तो फोटो आमच्या बैठकीत लावलेला आहे, आणि येणारा प्रत्येकजण मला त्या खांबाबद्दल विचारतो. पण एक सांगून ठेवते. इंजिन म्हणजे चालतं ते, असं यांचं म्हणणं आहे. वरचं काय, तांदळाचा डबा ठेवला तरी चालेल म्हणतात. हे मी तुम्हाला कळवलं असं यांना कळू देऊ नका, आणि व्याह्यांना तर हा कागद वाचून दाखवूच नका.

कोंबडीचं काय झालं ते कळवा. इथे सगळे विचारून राहिले.

आपली
सीताबाई

॥ श्री ॥

एकोडी
२९ जानेवारी २०२५

सौ. विहीणबाई यांस,
मंदाबाईचा सा. न. वि. वि.

कोंबडी खुशाल हाये. भोंगा काई निघाला नाई. राखीनं फोनवर सांगतलं का टाचणीचं डोकं कापून लावा, कोणाले समजत नाई. पण हे अजून तिच्याकडे आशेनं पाहतात, अन् ती आता यायले पाहून पळते.

तुमचा कागद मी वाचून दाखवला नाई. तांदळाचा डबा हे दोन शब्द मातर जेवताना चुकून माह्या तोंडातून गेले. यायनं घास खाली ठेवला. म्हणे, लोक इंजिनाचा फोटो काढतात तवा चाकाचा काढतात का डायवराच्या खिडकीचा? मी म्हंतलं, आपला फोटो काढतात तवा पायाचा काढत नाईत हे खरं. ते खूश झाले. मी तुमच्या बाजूची हाये हो, पण जेवण पुरं व्हाले पाह्यजे होतं.

आता एक आनंदाची गोठ. वरचं घर तयार झालं. मी चिंच लावून असं चमकवलं का त्याच्यात पाहून कुंकू लावता येते. साखरपुड्याच्या साड्या घ्याले भंडाऱ्याले गेली, तवा यायले न सांगता ते रुमालात बांधून संग नेलं. काहून तर नाव टाकाले! तुम्हीच सांगा, पितळेची वस्तू नावाशिवाय घरात ठेवते का कोणी? कार्यात मोप लोक येतील, कोणाच्या थैलीत गेलं तर आमचं हाये हे दाखवाचं कसं?

दुकानातला माणूस म्हणे, आजी, पत्रा पापडासारखा पातळ, मशीननं भोकं पडतील. मी म्हंतलं, मंग छिन्नीनं ठोकून टाक बापा. तो म्हणे, हे भांडं कोणतं? मी म्हंतलं, इंजिन. त्यानं छिन्नी उचलली. ठक ठक करून खालच्या पट्टीवर टाकलं, तुलाराम गहाणे, एकोडी. असं देखणं अक्षर का माह्या लग्नाच्या घागरीवरही नाई.

घरी येऊन यायच्यापुढं ठेवलं तर मले वाटलं आता चिल्लावतील. तर नाई. बोटानं नावावर एकदा इकडून गेले, एकदा तिकडून आले. म्हणे, फॅक्टरीत इतके दिवस इंजिन चालवलं, त्याच्यावर नंबर होता, माणसाचं नाव कई नव्हतं. अन् रात्री ते उशापाशी घेऊन झोपले. मले चार वाजता पाठीले टोचलं.

येत्या रविवारी रिता ते तुमच्याकडे आणते, खालच्यावर बसवून पाहा.

लोभ आटू देऊ नका.
मंदाबाई

पवनी
५ फेब्रुवारी २०२५

सौ. मंदाबाई यांस,
सीताबाईचा नमस्कार वि. वि.

तुम्ही व्याह्यांचं नाव टाकलं आणि मी पाहत बसेन असं वाटलं का? मीही इथल्या भांड्यांच्या दुकानातून टाकून आणलं. काटेखाये हे आडनाव एवढं लांब की पाटाच्या एका काठावर मारोतराव, दुसऱ्या काठावर काटेखाये आणि पवनी मागच्या बाजूला गेलं. आमचा पाट जाड आहे, त्याला काही झालं नाही.

तुमच्या घराला मात्र झालं. रविवारी रिता आली. सगळे जमले, मी औक्षणाचं ताट केलं, आणि वरचं खालच्यावर बसेना. वरच्याला खाली दोन ओठ आहेत, ते पाटाच्या काठांना धरतात आणि त्यावरच सगळं टिकतं. एक ओठ बसला की दुसरा वर. यांनी लगेच रिताला सांगितलं की तुझ्या सासऱ्यांना जाऊन सांग, माप चुकलं. रिताने घरी जाऊन सांगितलं तर तिकडून उत्तर आलं म्हणे की तुझ्या बापाला सांग, पाट रुंद झाला. बिचारी दोन्हीकडून डोकेदुखीची गोळी घेऊन गेली.

मी ते उजेडात धरून पाहिलं होतं. जिथे नाव ठोकलं तिथे पत्रा पसरला आणि ओठ आत वळला. चूक ना यांची ना त्यांची. तुमच्या त्या ठक ठकची आहे. रागावू नका.

उपाय एकच, कुठेतरी घासायचं. वरचं घासलं तर गहाणे जाणार, खालचं घासलं तर काटेखाये जाणार. हे म्हणतात, मी कानस हातात घेणार नाही. व्याही काय म्हणत असतील ते मला न कळवताही कळतं. राखीने काल फोन केला. आवाज बारीक होता. म्हणाली, राहू द्या आजी, अंगठ्या आपण ताटातूनच देऊ. मला फार वाईट वाटलं.

त्यात आज सकाळी मी घाटाच्या पायरीवर घसरले. पायाला प्लास्टर आहे. साखरपुड्याला माझं येणं होत नाही. यांना एकटं पाठवते. सांभाळा.

सीताबाई

॥ श्री ॥

एकोडी
१५ फेब्रुवारी २०२५

सौ. विहीणबाई यांस,
मंदाबाईचा सा. न. वि. वि.

पायाचं ऐकून जीव कळवळला. हळदीचं दूध घ्या, कामिनीले म्हणा का कामं तू कर, अन् तुम्ही नुसत्या चुका दाखवा.

तुमचं पत्र आलं तवापासून मले आपल्या ठक ठकची लाज वाटून राहिली होती. यायले मी सांगून टाकलं. हे वावरात निघून गेले. आता ऐका, पण कोणाले सांगू नका. काल दुपारी मले झोपली समजून यायनं कानस काढली. मी एक डोळा उघडा ठेवला. ओठ आतून घासला, पाह्यला, पुन्हा घासला. घासता घासता पत्रा एवढा पातळ झाला का गहाणे निघून गेलं, एकोडीही गेली, नुसतं तुलाराम राहिलं. तो पितळेचा कीस यायनं कागदात गोळा करून खिशात ठेवला. मंग माह्याकडे न पाहता म्हणे, जागी हायेस ते माईत हाये. पोरीचं कार्य हाये, नावाचं काय घेऊन बसाचं. पण पवनीवाल्याले कळलं नाई पाह्यजे का मी घासलं. त्याले वाटू दे का पहिल्यापासून बरोबरच होतं.

विहीणबाई, मी आंधळ्यावानी तोंडावर पदर घेऊन पडून राहिली. आता तुमच्या व्याह्यायनं काई करू नये, पाट तसाच आणावा, म्हणजे झालं.

आपली
मंदाबाई

पवनी
१५ फेब्रुवारी २०२५

सौ. मंदाबाई यांस,
सीताबाईचा नमस्कार वि. वि.

घाईत लिहिते. हे आत्ताच बाहेर गेले.

यांनी पाट घासला. दोन्ही काठांनी. काटेखाये गेलं. मी विचारलं नव्हतं, आपणहून येऊन सांगितलं. म्हणाले, राखीचा आवाज मी ऐकला होता, आपलं आडनाव तसंही कोणाला पूर्ण लिहिता येत नाही. आणि व्याह्यांना कळू द्यायचं नाही, म्हणाले.

तुम्ही फक्त एवढं पाहा की व्याही त्यांच्या बाजूने काही करणार नाहीत. दोघांनी घासलं तर ते ढिलं पडून हाती येईल.

सीताबाई

॥ श्री ॥

एकोडी
२३ फेब्रुवारी २०२५

सौ. विहीणबाई यांस,
मंदाबाईचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मले कधी भेटलं म्हणता? साखरपुड्याच्या दिवशी! पाहुणे आंगणात, पुऱ्यायची कणीक हातात, अन् पोस्टमन दारात. वाचलं अन् मी पिठाच्या डब्यावरच बसली. तोवर तुमचे अमरच्या गाडीतून उतरलेही होते, हातात डबा घेऊन. यायच्याकडे पाठ करून बसले. हेही त्यायच्याकडे पाठ करून बसले. मधात राखी, तिचं तोंड एवढंसं.

राखीनं वरचं खालच्यावर ठेवलं. फुसकन बसलं! हे मिशीत हसले. तिकडे तुमचेही मिशीत हसले. दोघायलेही वाटलं का आपण एकट्यानंच घासलं म्हणून बसलं. मी कोणाचं लक्ष नसताना हात लावून पाह्यला तर ते घर पाटावर असं डुलून राहिलं जसा तांदळाचा डबा. मले काई सुचलं नाई. कणकेच्या दोन गोळ्या दोन्ही ओठात दाबल्या. पण विहीणबाई, ती पुऱ्यायची कणीक होती, तिच्यात तेलाचं मोहन! चिकटाचं सोडून ती वंगणासारखी झाली.

अंगठ्या बोनटावर लाल दोऱ्यानं बांधल्या. गुरुजीनं मंत्र म्हंतले. यायच्या हाती बटन, तुमच्या हाती झेंडी. मायबाई, दोघंही उठून इंजिनाजवळ आले, पण तोंडं अजून दोन दिशेले. तुमच्यायनं हिरवी झेंडी दाखवली. यायनं बटन फिरवलं. खालचं धूड सूं करून निघून गेलं, अन् वरचं घर अंगठ्यायसकट आमच्याच दारी बसून राहिलं. चाकं थेट जावईबुवा प्रितमच्या आईच्या मांडीवर.

प्रितमचे मामा परसराम हायेत, त्यायनं गुरुजीले विचारलं का मुलीकडचे पाय आले अन् अंगठ्या राहिल्या, तर हा साखरपुडा झाला का अर्धा झाला? मी देवाचं नाव घेतलं. आता बुंदीपेक्षा मोठं भांडण, राखीचं कार्य नासलं, माह्यामुळं नासलं.

तेवढ्यात यायनं ते घर उचललं, मंग तिकडे जाऊन पाट उचलला, अन् काठ पाह्यला. काटेखाये दिसेना. हे तुमच्याकडे वळले अन् थेट त्यायच्या तोंडावर विचारलं का तुम्हाले कोणं घासाले सांगतलं होतं. तुमचे म्हणे, तुम्हाले कोणं सांगतलं होतं? हे म्हणे, मी तुमच्यासाठी घासलं, तुमचं नाव राहावं म्हणून. तुमचे म्हणे, मीही तुमच्यासाठीच घासलं, तर तुम्ही मधात हात काहून घातला? हे म्हणे, माह्यावालं जास्त घासलं गेलं. तुमचे म्हणे, शक्यच नाई, माह्या दोन्ही बाजू गेल्या. यायनं खिशातून कीस काढून दाखवला. त्यायनं म्हंतलं, एवढासा? मी आणला असता तर तुमचा रुमाल भरला असता.

असे भांडले जी! मधात निरोप सांगाले कोणी नाई, रिता नाई, अमर नाई, एकमेकाच्या डोळ्यात पाहून भांडले. मी तिथंच रडली. लोकायले वाटलं अंगठ्यायसाठी. गुरुजीनं कंटाळून अंगठ्या हातानंच देल्ल्या, प्रितमनं राखीले घातली, राखीनं प्रितमले, अन् या दोघायले पत्ताच नाई. पंगत बसली तर भांडत भांडतच शेजारी बसले. वांग्याची भाजी, भात, कढी. हे बोलत असले का तुमचे वाढून घेत, अन् तुमचे बोलत असले का हे. राखीनं फोटो काढला. दोघायचंही तोंड उघडं हाये अन् घास बाहेर दिसून राहिला. असा सुंदर फोटो मी उभ्या जन्मात पाह्यला नाई.

आता रडगाणं. व्याही अजून गेले नाईत. आठवा ना, मी तुम्हाले लिवलं होतं का माहं एकच मागणं हाये? ते जरा जास्तच पुरं झालं. दोघं सकाळी उठल्यापासून ओट्यावर. पहिले त्या ओठायले पट्ट्या लावून इंजिन दुरुस्त केलं, ते आता चालते, पण पुढची बाजू कोणती याच्यावर भांडण. आता राखीच्या लग्नापर्यंत मागं जोडाले एक डबा पाह्यजे म्हणतात. त्याले पितळेचा पत्रा लागते. काल दोघंही चूप बसले होते. मी पाह्यलं तर माह्या मोठ्या परातीकडे पाहून राहिले होते, अन् तुमच्यायच्या हातात मोजपट्टी होती. रात्री मी परात गादीखाली घेऊन झोपली.

त्यायले बोलवून घ्या हो, पायाचं निमित्त सांगा. तुम्हाले सोबतही होईल.

माया राहू द्या, अन् उत्तर लवकर टाका.
मंदाबाई

पवनी
२७ फेब्रुवारी २०२५

सौ. मंदाबाई यांस,
सीताबाईचा नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र कामिनीने वाचून दाखवलं आणि मी दुसऱ्यांदा वाचायला लावलं. या वेळी आत जाऊन हसता आलं नाही, प्लास्टर आहे.

बोलवून घेणं जमायचं नाही. घरात शांती आहे, टीव्ही माझ्या हातात आहे, आणि डॉक्टरांनी आराम सांगितला आहे. यांच्या बीपीच्या गोळ्या आणि दुसरा चष्मा रिताच्या हाती पाठवते आहे. सोबत माझी जुनी परात ठेवली आहे. ती कापू द्या, तुमची वाचवा. पण डब्यावर नाव टाकायचं झालं तर आधी टाका आणि मग माप घ्या, एवढं दोघांनाही सांगा. आता एकत्र सांगता येतं.

तुमच्या मायेत राहीन,
सीताबाई